पीचच्या साठ बरण्या

वायोमिंगच्या वर्लिननं तीस फुटी कॅम्पिंग ट्रेलर घेतला आणि आपल्या छोट्या पिकअपला जोडला. चर्चच्या शिबिरासाठी त्याच्या बायकोनं, ऑपलनं, पाकातल्या पीचच्या साठ बरण्या ट्रेलरच्या अगदी मागच्या कपाटात रचल्या. घाटाच्या उतारावर ट्रेलर असा डोलू लागला, की पिकअपही फरफटू लागली.

“अहो, ब्रेक दाबा!”

“पिकअपचा दाबला तर उलटू. तू देवाचं नाव घे.” वर्लिननं स्टिअरिंगजवळचा खटका दाबून ट्रेलरचा वेगळा ब्रेक हळूच लावला आणि गाडी कडेला थांबवली.

“मेला वारा!” ऑपल पुटपुटली.

“वारा कसला? तुझे पीच! सगळं वजन मागं पडलंय.”

बरण्या ट्रेलरच्या चाकांच्या पुढं, पलंगावर गेल्या.

“मग मी झोपू कुठं?” वर्लिननं विचारलं.

“आधी धड पोचवा, मग बघू.”

उरलेला घाट ट्रेलर शहाण्या गाईसारखा मागून आला. ऑपलनं देवाचे आभार मानले, आणि ओठातल्या ओठात वर्लिनचेही.