हिरूमावशी आणि आमच्या आळीचा स्पीडब्रेकर

त्या सकाळी मी देव ताम्हनात तसेच ठेवून रस्त्यावर धावलो.

संध्याकाळपर्यंत ते ताम्हनातच होते.

हिरूमावशी गेली त्याला आज वर्ष झालं.

पेणला आमच्या आळीच्या तोंडाशी, माझ्या घरासमोर, ती सुकी मासळी विकायला बसायची. खाडीकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली बाई. पाटीत सुकट, बोंबील, जवळा.
आणि तोंडात अख्ख्या आळीची खबर.

"लाईट जानार हाय गो, गिरनीवरचं दळन आधी उरकून घ्या!"
"गटाराचं झाकन उघडं हाय, पोरांना सांबाळा!"

शेवटच्या घरापर्यंत आवाज जायचा. तिला म्यूट करायची सोय नव्हती.

मग आळीचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. मी ॲडमिन.

मावशीने विचारलं, "ॲडमिन म्हंजी काय रं भाऊ?"
"ग्रुप चालवणारा."
"मंग चालव की. कालपासून नळाला पानी नाय, नि तुजा ग्रुप गुड मॉर्निंग करतो."

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आमच्या आळीत गणपतीचे कारखाने आहेत. टेम्पोत चढलेल्या मूर्तीला एक धक्का बसला की बोट तुटतं, सोंडेला तडा जातो. म्हणून आमच्याकडे रीत आहे. मूर्ती निघायच्या आधी आळीतला स्पीडब्रेकर फोडायचा. विसर्जन झालं की पुन्हा बांधायचा.

फोडायला सगळे येतात. नारळ वाढवतात, पेढे वाटतात.

गेल्या वर्षीही फोडला. बांधायची वेळ आली आणि ग्रुपवर चर्चा सुरू झाली.

ज्यांच्या दारासमोर तो होता ते म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही सोसला, आता दुसऱ्यांनी घ्या."
त्यांचंही खोटं नव्हतं. भरलेला ट्रक त्यावरून गेला की घरातली भांडी वाजतात.

"आमच्याकडे नको, पाणी तुंबतं."
"आमच्याकडे पेशंट आहे."
"रबराचा बसवू या का?"
त्यावर भरपूर अंगठे. मध्येच कुणाचा तरी बर्थडे. मग केक.

आळीला नगरपालिकेच्या ऑफिसात एकच उत्तर मिळालं होतं. ज्याच्या दारासमोर येईल त्याची हरकत नसल्याचं लिहून आणा, मग बांधा.
तेवढंच कुणी लिहून देईना.

मावशी रोज विचारायची, "झाला का रं तुमचा ठराव?"
"चर्चा चालू आहे मावशी."
"फोडताना केलीव काय चर्चा?"

 

स्पीडब्रेकर नाही म्हटल्यावर कंपनीची शिफ्ट गाठणाऱ्या बाइक आळीतून शॉर्टकट मारायला लागल्या. सुसाट.

त्या सकाळी नळाला गढूळ पाणी आलं. मावशीने पाटीवर फडकं टाकलं आणि समोरच्या घरांना सांगायला उठली.

"गढूळ पानी हाय गो, भरू नका!"

मी देवांना अंघोळ घालत होतो. तिचा आवाज ऐकला.
मग ब्रेकचा आवाज.
मग काहीच नाही.

त्या दिवशी ग्रुप पहिल्यांदा सगळ्यांनी वाचला असेल. हात जोडलेले, फुलं, RIP. ज्यांनी तिला कधी "मावशी, बरी आहेस ना" विचारलं नाही, त्यांनीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बॅनर लागला. मावशीचा फोटो लहान, शोकाकुल मंडळींचे फोटो मोठे. तो असा बांधला की वळणावरून येणारी गाडीच दिसेना.
मी उतरवला तर लावणाऱ्यांनी मलाच विचारलं, "भाऊ, तुमचा श्रद्धांजलीला विरोध आहे का?"

मी पेणजवळच्या गडब गावच्या शाळेत शिकलो. गावात काही झालं की देवळातली घंटा वाजवायचे. माणसं हातातलं काम टाकून यायची. निळी टिक दाखवून घरी बसायची नाहीत.

वर्ष होत आलं. यंदा मूर्ती निघाल्या तेव्हा फोडायला स्पीडब्रेकर नव्हताच.
तरी नारळ वाढवला. पेढे वाटले.

तो पेढा मी कागदात गुंडाळून खिशात टाकला.

कारखानेवाले बाळाशेठ शेजारीच उभे होते. म्हणाले, "भाऊ, सिमेंट-खडी माझी. गवंडीही माझा. जागा तेवढी सांगा."

जागा.

घरी येऊन देवासमोर बसलो. काय मागायचं तेच कळेना. आळीला बुद्धी दे म्हणावं, तर मीही आळीतलाच.

बायकोला म्हटलं, "आपल्या दारासमोर घेऊ."
ती म्हणाली, "ट्रक दिवसरात्र आदळणार. आईंची झोप जाईल."
अंथरुणावरून आईच बोलली, "हिरूचा आवाज चालला ना गो मला इतकी वर्सं? ह्यो पन चालंल."

लिहून दिलं. सही केली.

विसर्जन उरकलं. काल सकाळी पूजा पूर्ण केली, देव देव्हाऱ्यात ठेवले आणि मग बाहेर आलो. गवंडी आलाच होता.

सिमेंट ओलं होतं, म्हणून दिवसभर मावशीच्या जागेवर स्टूल टाकून बसलो आणि ओरडत राहिलो.
"ओलं आहे! पलीकडच्या गल्लीतून जा!"

एक शेजारी गाडी थांबवून वैतागला. "अहो भाऊ, ग्रुपवर टाकायचं ना!"
"परवाच टाकलंय. वाचलंत का?"
त्याने गाडी वळवली.

माझा घसा बसलाय. मावशीचा कधी बसला नाही.

मित्रांनो, या पोस्टखाली फुलं नकोत, जोडलेले हात नकोत. आळीत याल तेव्हा गाडी हळू घ्या.

मावशी, ठराव झाला नाही.
स्पीडब्रेकर झाला. माझ्या दारासमोर, तुझ्या जागेला लागून.

आता निवांत बस.