कॉलिनच्या गाडीचं छप्पर

रविवार, २१ ऑक्टोबर २००७. दसरा. स्थळ: ऑकलंडमधलं टाकानिनी, आमचं गॅरेज.

हजर: मी (फार्मसिस्ट, वय अठ्ठेचाळीस, यादीशिवाय पाऊल न टाकणारी); नवरा शिरीष (इंजिनिअर); सासूबाई (पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या); मुलगी ईशा (वय चौदा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत); शेजारी कॉलिन (निवृत्त मेकॅनिक; सकाळी दहा मिनिटं, आणि मग दुपारी नको त्या वेळी).

गैरहजर: माझी अक्कल.

आमच्या गॅरेजमध्ये तेव्हा आमची गाडी नसायची. आमची गाडी चार वर्षं बाहेर पावसात उभी होती, कारण आत कॉलिनची होती. आठ सिलिंडरची, लांबलचक बॉनेटची, गर्द हिरवी, आणि वर पांढऱ्या व्हिनाइलचं छप्पर. सुरू झाली की आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या मांडणीवरून आपोआप पुढे सरकायच्या. सत्तरच्या दशकात एका टीव्ही मालिकेतला डिटेक्टिव्ह ही गाडी चालवायचा. म्हणजे लोकांना तसं वाटायचं. त्या हिरोला गियरच जमत नसत! म्हणून पाठलागाच्या वेळी तरुण कॉलिन, जो सेटवर मेकॅनिक होता, हिरोसारखा केसांचा टोप चढवून, कॅमेऱ्याकडे पाठ करून ती पळवायचा.

"अख्ख्या देशाने माझी मान पाहिलीय," तो म्हणायचा. "तोंड एकानेही नाही."

पुढे ती गाडी त्याला एका शेतावर सापडली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या आणि छपराच्या जागी नुसता गंज होता. कॉलिनने आणि दर शनिवारी शिरीषने मिळून ती पुन्हा उभी केली. आता जुन्या मालिकांवर एक कार्यक्रम निघणार होता, मंगळवारी शूटिंग होतं, आणि गाडी चालवणार होता कॉलिन. स्वतःच्या तोंडानिशी! अट एकच, गाडी हुबेहूब तेव्हासारखी दिसायला हवी. नाहीतर त्यांच्याकडे तसलीच दुसरी गाडी तयार होती, मालकासकट.

रविवारी सकाळी सासूबाईंनी गॅरेजमध्ये डोकावलं. "दसऱ्याच्या दिवशी घरात वाहन उभं आहे आणि त्याची पूजा नाही?"

"आई, ती आपली नाही."

"तिला कुठे माहितीय ते?"

मी कॉलिनला विचारलं. "थोडी प्रार्थना करू का गाडीसाठी?"

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे खुशाल करा. "तिला जेवढी मदत मिळेल तेवढी हवीच आहे." आणि शूटिंगसाठीचा सूट आणायला त्याच्या मुलीच्या घरी निघून गेला. प्रार्थना म्हटल्यावर आम्ही डोळे मिटून उभे राहू असं त्याला वाटलं असणार. चूक त्याची नाही.

मी कामाला लागले. आपट्याची पानं न्यूझीलंडमध्ये मिळत नाहीत, म्हणून परसातल्या फिजोआच्या फळझाडाची तोडायला शिरीषला पाठवलं (सोनं म्हणून आम्ही तीच वाटतो, सात वर्षांत कुणी तक्रार केली नाही). जाता जाता तो ओरडला, "बॉनेटला हात लावायचा नाही! परवाच वॅक्स केलंय!" मी प्रत्येक धोक्याचा विचार केला. नारळ गाडीपासून दूर फोडला. हाराला तारेऐवजी लोकर बांधली, पेंटवर ओरखडे नकोत. वाऱ्याने कुंकू उडून सीटवर जाऊ नये म्हणून हळदही आणि कुंकूही तेलात कालवलं. आणि टिळा लावायला अशी जागा निवडली, जिथे रंगाला धक्काच लागणार नाही.

छप्पर.

"प्लास्टिकच आहे, आई. पुसलं की गेलं."

सासूबाई स्टुलावर चढल्या. एवढ्या मोठ्या गाडीला एवढुसा टिळा शोभायचा नाही असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्यांनी कुंकवाने छान वळणदार 'श्री' काढली. ताटाएवढी! भोवती हळदीची महिरप. ईशाने फोटो काढला. फार सुंदर दिसत होतं. तासाभराने मी ओला फडका घेऊन पुसायला गेले, तेव्हाही ते तितकंच सुंदर दिसत होतं.

भांड्यांचा साबण लावला. तेल गेलं, 'श्री' राहिली. जरा जोर लावला, तर 'श्री' पसरून परातीएवढी झाली.

"व्हिनेगर!" मी म्हणाले. व्हिनेगरने लाल कुंकू पिवळं झालं.

"आई, इट्स जस्ट चेंजिंग कलर!"

"मग खायचा सोडा आण!" सोड्याने पिवळी हळद लाल झाली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. हळद आंबटाने पिवळी आणि सोड्याने लाल होते, हे मी कॉलेजात हळदीचे कागद बुडवून बुडवून शिकले आहे. त्या प्रॅक्टिकलला मला वर्गात सर्वांत जास्त मार्क होते. तरी अर्धा तास मी कॉलिनच्या छपरावर आलटून पालटून तेच प्रॅक्टिकल करत होते!

फिजोआची पानं घेऊन शिरीष आत आला. त्याने छप्पर पाहिलं. पानं खाली पडली.

"सुनीता, हे काय आहे?"

"जरा डाग पडलाय."

"जरा? विमानातून दिसेल!"

आणि नेमका तेव्हाच कॉलिन आला, हातात हँगरवर सूट. तो छप्पर बघत गाडीभोवती एक फेरी मारून आला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "मंगळवारी आहे शूटिंग," आणि आमच्या उलट्या बादलीवर बसला. सूट मांडीवर घेऊन.

मी उपायांची यादी करायला कागद घेतला, तो कोराच राहिला. बोलल्या त्या सासूबाई. "उन्हात ठेवा. हळद उन्हात उडते. लग्नात हळदीचे कपडे आम्ही दुसरं काय करतो? ओले करायचे, उन्हात टाकायचे. आणि कुंकूही घरचंच आहे, हळदीचं. जाईल."

मी इंग्रजीत सांगितलं. कॉलिनने वर पाहिलं. "सन? इन ऑकलंड? इन ऑक्टोबर?"

त्याचं बरोबर होतं. इथे ऑक्टोबरात ऊन येतं ते पाहुण्यासारखं, बसतबिसत नाही. पण सोमवारी लेबर डेची सुट्टी होती आणि मी वेळापत्रक केलं. सात ते नऊ: समोरच्यांचा ड्राइव्हवे. नऊ ते अकरा: कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा. पुढे आमचा. दर वीस मिनिटांनी सासूबाई छपरावर पाणी शिंपडणार, तुळशीला घालावं तसं. ईशा ढगांवर नजर ठेवणार. सरी येऊन जात होत्या, आणि ऊन जिथे पडेल तिथे गाडी हलवायची. प्रत्येक वेळी ते इंजिन असं गरजायचं की सुट्टीला उशिरा उठणारी आमची अख्खी गल्ली साडेसातला पायजम्यात बाहेर होती!

"क्लाउड! आई, बिग वन!"

"डॉक्टरांकडे घे! डॉक्टरांकडे ऊन आहे!"

"डॉक्टर आंघोळीला गेलेत!"

"ड्राइव्हवेत घ्यायचीय, बाथरूममध्ये नाही!"

दुपारी तीनपर्यंत 'श्री' फिकी झाली. पाचला नुसता भास. सहाला कॉलिनने चष्मा लावून, मग काढून, मग पुन्हा लावून पाहिलं आणि सासूबाईंना मिठीच मारली. त्यांना ती सवय नव्हती. त्यांनी त्याच्या पाठीवर थापटून "असू दे, असू दे" म्हटलं.

मंगळवारी सकाळी टीव्हीवाली मुलगी आली. मेगन. "किआ ओरा!" म्हणत आत शिरली आणि पिशवीतून एक जुना रंगीत फोटो काढला. फोटो पाहिला. गाडी पाहिली. परत फोटो.

"छप्पर पांढरं कसं?"

आम्ही सगळे छपराकडे पाहू लागलो.

"तेव्हा ते पिवळं होतं," ती म्हणाली. फोटोत स्पष्ट दिसत होतं. पिवळं! आमटीसारखं!

"कॉलिन," शिरीष हळूच म्हणाला, "तू रोज त्या गाडीत बसायचास ना?"

"मी छपराकडे कशाला बघू?" कॉलिनचा आवाज चिरकला. "मी इंजिनात असायचो! आणि घरी आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता!"

मेगनने घड्याळ पाहिलं. शूटिंगला दीड तास होता. रंग चढवायला आठवडा लागला असता. "दुसऱ्या गाडीला फोन करते मी," ती म्हणाली, आणि खरंच वाईट वाटून म्हणाली. कॉलिनने सुटाची कॉलर सरळ केली, जशी माणसं काहीच करता येत नसलं की करतात.

"फोन करू नका," मी म्हणाले. "चाळीस मिनिटं द्या."

सासूबाईंनी पुण्याहून विमानतळावर रीतसर जाहीर करून आणलेली दोन किलो हळद होती. मी मोजून घेतली, मोजून तेल घातलं, आणि सगळ्यांच्या हातात स्पंज दिले. "वरून खाली! एकसारखं! थांबायचं नाही!" सासूबाई पुन्हा स्टुलावर. आयुष्यात इतकी मोठी नवरी मी पाहिली नव्हती! एक थर, पुसा, दुसरा थर, पुसा. मेगन फोटो छपराला लावून पाहत होती. "थोडं गडद," ती म्हणाली. मी चिमूटभर सोडा टाकला. रंग बरोब्बर जुळला. (कॉलेजातले मार्क शेवटी कामी आले.)

आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर कॉलिनने गाडी पळवली. टोप नाही, टक्कल चमकतंय, तोंड थेट कॅमेऱ्याकडे, आणि तोंडावर असं हसू की दिग्दर्शकाने दोनदा सांगितलं, "जरा गंभीर!" तिसऱ्यांदा त्याने नाद सोडला. कॉलिन खाली उतरला तेव्हा त्याची कानशिलं पिवळी होती. आमचे सगळ्यांचे हात पिवळे होते. दुसऱ्या दिवशी फार्मसीत तीन पेशंटांनी मला कावीळ झाल्याचं परस्पर निदान केलं.

कार्यक्रम लागला, आणि पंधरा दिवसांनी हॅमिल्टनहून एक पत्र आलं. तिथले एक गृहस्थ तसलीच गाडी दुरुस्त करतायत. छपराचा तो मूळ रंग त्यांनी वर्षानुवर्षं शोधला, कुठेच मिळाला नाही. रंगाचं नाव, कंपनी आणि वापरण्याची पद्धत कृपया कळवावी. कॉलिनने ते पत्र निमूटपणे माझ्याकडे दिलं.

उत्तर अजून लिहायचं आहे. माझ्या यादीतलं खूण न झालेलं हे एकमेव काम. वीस वर्षं औषधांच्या बाटल्यांना अचूक लेबलं लावणाऱ्या मला एकच ओळ जमली आहे: 'थेट सूर्यप्रकाशापासून दूर ठेवा.'