सेलारच्या छताला आलेला चुना

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. तीसेक वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, त्यातही चुनखडक हा माझा खास विषय. त्यामुळे नल्लकुंट्याच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळे मला ‘पत्थरवाली मॅडम’ म्हणतात. कुणाच्या किचनचा ओटा असो की बोअरचं पाणी, शेवटचा शब्द माझा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी पाऊस ओसरल्यावर सेलारमध्ये, म्हणजे आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, छताला पांढऱ्या बारीक नळ्या लोंबायला लागल्या. वरचा फ्लॅट वर्षभर बंद, मालक परदेशात, आणि त्याच्या बाथरूममध्ये कुठं तरी पाइप झिरपत होता. सोसायटीचे सेक्रेटरी मला खाली घेऊन गेले. “मॅडम, काही खतरा तर नाही ना? म्हणाल तर कुलूप तोडून प्लंबर आत घालतो.”

“अहो, नुसता चुना आहे तो,” मी म्हटलं. “हे बघायला लोक तिकीट काढून गुहेत जातात. कुणी हात लावायचा नाही. प्लंबर उन्हाळ्यात बघू.”

बिचारे निर्धास्त होऊन गेले. पाणी थांबलं असतं तर नळ्यांची वाढ थांबली असती, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

काय सांगू, मी खुळावले होते! आयुष्यभर पोरांकडून हेच घोकून घेतलं होतं. समुद्र उथळ, उबदार, नितळ असला की शिंपल्यांचे, पोवळ्यांचे, बारक्या बारक्या जिवांचे सांगाडे तळाशी पडत राहतात. पाण्यात विरघळलेला चुनाही वेगळा होऊन खाली बसतो. थरावर थर चढतो, वरच्याच्या ओझ्यानं खालचा दबतो, घट्ट होतो, आणि त्याचा खडक होतो. आपण जिच्यावर पोळपाट मांडून बसतो ती शहाबादी फरशीसुद्धा कुठल्या तरी जुन्या समुद्रातली चुन्याची मातीच. पण ते सगळं होऊन गेलेलं, पुस्तकातलं. इथं माझ्या स्कूटरशेजारी थेंब लोंबत होता, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत होता, आणि नळीच्या टोकाला चुन्याची इवलीशी कडा ठेवून खाली पडत होता. गुहेत ज्याला पिढ्या लागतात ते इथं महिन्यात होत होतं. मी रोज सकाळी पट्टी आणि वही घेऊन खाली जायची.

त्या नळ्यांच्या बरोबर खाली वॉचमनची खाट असायची. तो रात्रभर जागायचा आणि दुपारी तिथं झोपायचा, कारण तेवढ्याच जागी गेटातून वारा यायचा. त्याची बायको देगलूरकडची. ती इमारतीतल्या चार घरची भांडी करायची, माझीही.

“अम्मा, खाटेवर पाणी पडायलंय की,” ती एकदा म्हणाली. “अन् ते वर काय लोंबायलंय, मला तर भ्याव वाटतंय बघा.”

“भ्यायचं काय त्यात? खाट हलव, जिन्याखाली घे.”

“तिकडं वारा नाही ना, अम्मा. आमचे मालक परेशान होतात, झोप लागत नाही त्यांना.”

“हलव म्हटलं ना!” मी खेकसले. मला थेंब मोकळ्या फरशीवर पडायला हवे होते, म्हणजे खालूनही चुन्याचा उंचवटा वाढला असता. तिनं मुकाट्यानं खाट हलवली.

थंडी पडली. एका सकाळी पांढऱ्या नळ्यांवर तांबूस पट्टा दिसला. दोन दिवसांत तो गडद झाला. मी वहीत लिहिलं, ‘लोह आले. सुंदर रंग.’ लोह आलं कुठून, हा प्रश्न मी पहिल्या वर्षाच्या पोरालाही चुकवू दिला नसता. त्या छतात लोखंड एकच, स्लॅबच्या सळया. आणि चुना तरी कुठून येत होता? स्लॅबच्याच सिमेंटमधून. साठतंय किती ते मी रोज मोजत होते, पण झिजतंय काय, ते मान वर करून बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्याच संध्याकाळी छत्रीच्या टोकानं मी छत ठोकून पाहिलं. बद्द आवाज आला, पोकळ. म्हणजे काँक्रीट आतून सळयांपासून सुटलं होतं. सेक्रेटरींना सांगायला हवं, असं मनात आलंही. पण मग मीच दिलेला शब्द मला गिळावा लागला असता. उद्या बघू म्हटलं, वर गेले आणि कुकर लावला.

तिसऱ्या दुपारी जेवत होते तेव्हा इमारत हादरली. खाली धावले तर सगळीकडे धूळच धूळ. छताचा दाराएवढा तुकडा, आधी खाट असायची बरोबर त्याच जागी, फरशीवर फुटून पडला होता, आणि वर गंजून काडीसारख्या झालेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. जिन्याखाली खाटेवर वॉचमन बसला होता. चादर छातीशी धरलेली.

“देव तारी त्याला कोण मारी!” कुणी तरी म्हणालं. सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिले. आणि वॉचमनच्या बायकोनं सगळ्यांसमोर माझे पाय धरले. “अम्मांना ठाव होतं! म्हणून रागावून खाट हलवायला लावली.”

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर ते पाय धरणं त्या क्षणी मला हवंहवंसं वाटलं. त्याची जास्त लाज वाटते.

महिनाभर घास गोड लागला नाही. मग तिला समोर बसवून सगळं सांगितलं. चुन्यासाठी खाट हलवली, प्लंबरला मीच थांबवलं, पोकळ आवाज ऐकूनही गप्प बसले. ती ऐकत राहिली आणि हसली.

“असू द्या की, अम्मा. मोठी माणसं असंच म्हणतात. चला, खाली चला जरा.”

जिन्याखाली तिचा नवरा खाट धरून उभा होता. माझ्याशिवाय कुणी सांगितलेली जागा त्याला नको होती. “अम्मा, कुठं टाकू सांगा. तुम्ही म्हणाल तिथं झोपतो.”

मी वर बघितलं. पाइप बदलून स्लॅब दुरुस्त केला होता; छत कोरडं होतं, नवा रंग दिलेलं. कितीही बघितलं तरी मला काही कळेना.

“इथं नको,” मी म्हटलं. “माझ्या घरी झोपा दोघं, हॉलमध्ये.”

तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं.

“तिथं बी वर स्लॅबच हाय की, अम्मा.”