सिनेमा आधीचा आहे

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. आईला नाही, मामाला नाही. मित्रांना सांगावी तर ते हल्ली माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलतात. तुम्ही तिला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगतो आहे. आणि एक आधीच सांगून ठेवतो, सांगताना मला अधूनमधून हसू येईल. त्या दिवसांची आठवण निघाली की येतंच. चूक केली तेव्हा मी फार मजेत होतो, हेही चुकीतच धरा.

तेव्हा मी मूल नावाच्या गावी एका राइस मिलच्या ऑफिसात होतो. शेठनं कॉम्प्युटर घेतला होता आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आणलं होतं. कोंडा बसू नये म्हणून कॉम्प्युटरवर शेठाणीची जुनी साडी पांघरलेली असायची. शेठला त्यातलं हवं काय, तर तांदळाचे भाव, आणि तेही मी बघून सांगायचे. दुपारी जेवून शेठ आडवा झाला की कॉम्प्युटर माझा. नेट चालू असलं की फोन एंगेज लागायचा. व्यापारी संध्याकाळी तक्रार करायचे, दिवसभर फोन लागत नाही म्हणून, आणि शेठ खूश व्हायचा — बघा, आपल्याकडे किती फोन येतात. मी मान हलवायचो.

मी करायचो काय? जुन्या सिनेमांच्या वेड्यांचा एक अड्डा होता इंटरनेटवर. पुण्याचे, सांगलीचे लोक, दुबईचे एक काका, अमेरिकेतल्या एक वहिनी. तिथं एक खेळ चालायचा. एकानं एखाद्या सिनेमाची गोष्ट चार ओळींत सांगायची — नाव नाही, नटनटी नाही, गाणं नाही. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, त्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. रविवारपर्यंत कुणालाच सिनेमा ओळखता आला नाही तर कोडं घालणारा आठवडाभर राजा. दुबईच्या काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा — शेवटी म्हातारी मरते का? तेवढ्यावर ते निम्मे सिनेमे ओळखायचे. तुम्ही असं काही खेळला आहात का कधी? ज्यांची तोंडं पाहिली नाहीत अशा माणसांत मन इतकं रमतं, हे मला तेव्हाच कळलं. हमाल पोती मोजायचे आणि मी इकडे एकटाच खिदळायचो.

तिथं माझं नाव ‘इंटरव्हल’ होतं. गाव मी नागपूर सांगितलं होतं. मूल म्हटलं की कुठे आलं ते समजावून सांगत बसावं लागतं.

पण राजा मी कधी झालो नाही. कसा होणार? आमच्या टॉकीजला सिनेमा यायचा तो सगळीकडून म्हातारा होऊन. मला माहीत असलेलं सगळं सगळ्यांना माहीत असायचं. मी कोडं घातलं की पुण्याचे गृहस्थ चहा पिता पिता उत्तर द्यायचे, आणि वर लिहायचे, इंटरव्हलभाऊ, जरा अवघड विचारा हो. चेष्टाच होती ती. पण मला लागायची.

म्हणून एकदा मी अवघड विचारलं. एक नावाडी आहे. पाटलानं त्याच्या भावाला खोट्या आळात गुंतवून तुरुंगात धाडलेलं आहे. पुढं त्याच पाटलाच्या मुलाची वरात नदीपार न्यायची असते, नदीला पूर असतो आणि नाव एकच असते. नावाडी भर धारेत वल्हं थांबवतो आणि पाटलाला म्हणतो, आधी खरं बोला, मग पलीकडे नेतो. ओळखा सिनेमा.

सिनेमा नव्हताच तो. नाटक होतं. आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक होतं, पार उजाडेपर्यंत. आरमोरीजवळ माझ्या मामाचं गाव आहे, तिथं मी हे नाटक पाहिलं होतं. नाव म्हणजे चाकं काढलेली बैलबंडी. नदी म्हणजे दोघांनी दोन टोकांना धरून हलवलेलं निळं लुगडं. एका टोकाचा माणूस पेंगला, तेव्हा नदी अर्धीच वाहायला लागली आणि लोकांनी आरडाओरडा करून त्याला उठवलं. नाटक कुणी लिहिलं हे तेव्हा मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंही नाही.

रविवारपर्यंत कुणालाच उत्तर आलं नाही. मी राजा झालो. नाव सांगितलं नाटकाचंच — ‘थांबली नाव धारेत’. जुना मराठी सिनेमा आहे, फार चालला नाही, प्रिंट जळाली म्हणतात — असं ठोकून दिलं. आणि काय सांगू तुम्हाला, दुबईच्या काकांना तो आठवला. लहानपणी तंबूत पाहिला होता म्हणे, चांदण्यातली ती नाव अजून डोळ्यांसमोर आहे म्हणे. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या वहिनींना त्यातलं गाणं आठवलं. नसलेल्या सिनेमाचं गाणं! मी इतका हसलो की हमाल बघायला आले. त्या आठवड्याइतका आनंद मला पगार वाढला तेव्हाही झाला नव्हता.

हे सांगायला मी बसलो नव्हतो. ही नुसती थाप झाली, आणि खेळात थापा चालतात. सांगायचं ते पुढंच आहे — आणि बघा, तिथवर यायला मी किती वेळ लावतो आहे.

अड्ड्यावर ‘वैनगंगा’ नावाची एक मुलगी होती. फार बोलायची नाही, पण तिची उत्तरं बरोबर असायची. तिनं लिहिलं — हा सिनेमा नाही. हे नाटक आहे आणि ते माझ्या वडिलांनी लिहिलं आहे. ते तळ्यावर मासेमारी करतात. नावाडी तेच होतात.

पुण्याच्या गृहस्थांनी तिला समजावलं. ताई, वडिलांनी सिनेमा पाहून लिहिलं असेल, खेड्यांत असं चालतं. दुबईचे काका म्हणाले, मी स्वतः पाहिला आहे ना. ती एकटी आणि बाकी सगळे एका बाजूला. शेवटी तिनं मला विचारलं. सरळ मलाच. इंटरव्हलभाऊ, तुम्ही सांगा, तुम्ही हा सिनेमा कुठे पाहिला?

खरं काय ते त्या सगळ्यांत मला एकट्याला ठाऊक होतं. तिला तर होतंच. हसत हसत सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं? चेष्टा झाली असती, राजेपण गेलं असतं. बस्. मी लिहिलं — वैनगंगाताई, सिनेमा आधीचा आहे.

हेच ते. एवढंच वाक्य. ती परत कधी अड्ड्यावर आली नाही. मी मात्र राहिलो, आणि मजेतही राहिलो — खोटं कशाला सांगू?

दिवाळीनंतर मंडईला मामाकडे गेलो. ती मुलगी त्याच भागातली असणार हे कळण्याइतकी अक्कल मला होती. वडिलांना भेटावं, सांगून टाकावं, असं ठरवून गेलो होतो. माइकवरून पुकारा सुरू झाला. नाटकाचं नाव झालं, मंडळाचं झालं, पडदे कुणाचे, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, सगळं झालं. लेखकाचं नाव आलंच नाही. मी मामाला विचारलं.

मामा म्हणाला, “दर साल घेत होते ना. यंदा त्यानंच काढाले लावलं. म्हणे, असा पिक्चर आहे जुना, लोक म्हणतीन चोरलं. पोरीनं कॉम्प्युटरात पाह्यलं म्हणते.”

नाटक सुरू झालं. नावाडी चाकं काढलेल्या बंडीवर उभा राहिला, वल्हं थांबवलं आणि पाटलाला म्हणाला, आधी खरं बोला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मीही मारली.

सकाळी मामा मला त्या नावाड्याच्या, म्हणजे लेखकाच्याच घरी घेऊन गेला. चार घरं सोडून होतं त्यांचं घर. आम्ही एकाच समाजाचे, माझे आजोबाही तळ्यावरचेच. त्यांनी मरळ मासा रांधायला लावला. वाढायला त्यांची मुलगी आली — ज्योत्स्ना, आरमोरीला कॉम्प्युटर शिकवायची. तीच वैनगंगा. सांगायची वेळ हीच होती. जिभेवर आलंही होतं. तिनं विचारलं, तुमी कॉम्प्युटरवर काय करता? मी म्हणालो, तांदळाचे भाव पाहतो. आणि जेवलो. रस्सा दोनदा मागून घेतला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मामानं बोलणं काढलं, तिनं हो म्हटलं. माझं घर हसतं झालं ते तिच्यामुळे. ती नकला करते, शेठची तर अशी करते की शेठाणीनंही एकदा मुद्दाम बोलावून पाहिली. पाहुणे आले की तिचा एक किस्सा ठरलेला असतो — इंटरनेटवरच्या त्या इंटरव्हलचा. नागपूरचा कोणी मोठा शहाणा, म्हणे सिनेमा आधीचा आहे. सांगता सांगता तिला चेव येतो. “तो मेला मले एक डाव भेटाले पाह्यजे. त्याले नावेत बसवून मधातच सोडून देईन.” सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्यानं मी हसतो, चहाचे कप मी उचलतो, आणि एकदा तर — हे सांगायला लाज वाटते — कुणाला तो नीट ऐकू आला नव्हता म्हणून मीच तिला म्हणालो, पुन्हा सांग ना.

तिला त्या किश्श्याचं हसू येतं. त्यातली एक गोष्ट मात्र ती पाहुण्यांना सांगत नाही. त्या वर्षानंतर तिच्या वडिलांनी नवं नाटक लिहिलं नाही. डोक्यात एक होतं, ती म्हणते. तिला वाटतं, तिनं घरी येऊन ते सांगायलाच नको होतं. चूक तिची झाली असं ती धरून बसली आहे, आणि मी तिला समजावतो — तुझी काय चूक, असं म्हणतो. माझ्याइतक्या खात्रीनं हे दुसरं कोण म्हणू शकेल?

मागच्या मंडईची गोष्ट. सकाळी मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, तळ्याच्या पाळीवर बसलो होतो. ते जाळं विणत होते, नाटक छान झालं म्हणून खुशीत होते. मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“जवाई, तुमी नेटवर सारं पाहाता. तो पिक्चर कुठी भेटते का पाहा ना जी. जे माह्या डोक्यात आलं, तेच आधी त्यायच्याही डोक्यात आलं होतं. मले त्याचा राग नाई. नावाडी कोण झाला होता, तेवढं एक डाव पाहाचं आहे.”

खरंच राग नव्हता. डोळे चमकत होते त्यांचे. कुठल्यातरी मोठ्या शहरात, मोठ्या पडद्यावर, आपल्यासारखाच विचार करणारा एक माणूस होऊन गेला, याचा त्यांना आनंद झाला होता. इतकी वर्षं त्यांनी तो मनात जपला होता.

मी म्हणालो, “शोधतो, मामाजी.”

यंदाच्या मंडईला त्यांनी पुन्हा विचारलं. अजून सापडला नाही, असं मी सांगितलं.