खिडकीचा मधला गज

चहा झाला की बाबा चांगला डोळा हाताने झाकून खिडकीचे गज बघतात. गेल्या वर्षी मधला गज वाकडा दिसला, तेव्हा त्यांनी हट्टाने वेल्डरकडून तो ठोकून घेतला. गज मुळात सरळच होता. बिघडला होता वयामुळे डोळ्याचा पडदा. माणसाला आधी जगच वाकडं वाटतं! मग दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सुरू झालं.

काल डॉक्टर म्हणाले, “आता दोन महिन्यांनी या.” आईने कॅलेंडरवरची पुढच्या महिन्याची खूण आनंदाने खोडली.

आज बाबा म्हणाले, “बाकीचे सरळ दिसतात गं, मधला तेवढा वाकडा.”

आई धास्तावली. मी गजाला पट्टी लावली. वेल्डरच्या घावांनी तो खरंच वाकला होता.

“राहू दे तसाच,” आई हसत म्हणाली.