डाव्या टायरची कड

मी सातवी नापास. पण टायर वाचता येतो. महाबळेश्वरला टॅक्सी चालवून पोट भरलं, तिथं घाटात टायर कसा झिजतो ते बोटांना पाठ झालं. मधोमध झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. आणि नुसती बाहेरची कड खाल्ली असेल तर एकतर चाकं वाकडी, नाहीतर चालवणारा वळणावर ब्रेक मारायला कंजूस.

बायको भाद्रपदात पोटाच्या दुखण्यानं गेली. तेव्हापासून रहिमतपूरच्या घरात मी एकटा. एकच लेक, ती सांगलीत, जावयाबरोबर. त्या रविवारी दोघं पुण्याकडून घरी जाता जाता माझ्याकडं आले. ट्रॅकवर गेलो होतो म्हणाले. ट्रॅक म्हणजे गाड्या पळवायला बांधलेला रस्ता. हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी तिथं गोल गोल हाणायची. मला वाटलं, जत्रेतला तमाशा बघावा तसं दोघं बघायला जात असतील.

लेक चहा टाकायला आत गेली. गाडी उजव्या अंगानं भिंतीला चिकटून उभी होती. मी सवयीनं डाव्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो. बाहेरची कड कुरतडल्यागत झालेली. तिच्यावर रबराच्या बारीक वळकट्या, अंग चोळल्यावर मळ निघतो तशा. हात फिरवला तर एका अंगानं गुळगुळीत, उलट फिरवला की गाईच्या जिभेसारखा खरखरीत. अशी कड मी घाटात एकदाच बघितली होती. ती गाडी दरीतून वर ओढून काढली तेव्हा.

हा माणूस माझ्या लेकीला शेजारी बसवून अशी गाडी हाणतो! बायको असती तर तीच जावयाशी बोलली असती, ताटात तूप वाढता वाढता, गोडीत. मला ते जमत नाही. जावयाला तोंडावर बोलायचं नसतं हे कळतं. तरी बोललो.

"पावणं, माझ्या पोरीला मारायचा बेत हाय काय?"

जावई दारात मोबाईल बघत उभा होता. दचकलाच. "काय झालं, मामा?"

"ह्यो टायर बगा. घाटात अशी वळणं घेतासा? एकच माणूस राहिलंय मला. ते बी घालवताय व्हय?"

तो टायरकडं बघून हसायला लागला. घराकडं तोंड करून ओरडला, "अगं ए, ये भाईर! सापडलीस!" मग मला म्हणाला, "मामा, ट्रॅकवर मी स्टेअरिंगला हात बी लावत न्हाई. मी आपला सावलीत बसून पाण्याच्या बाटल्या राखतो. हाणते ती तुमची लेक. आणि तिला गाडी शिकवली कुणी?"

मीच. ऊस तुटून गेलेल्या रानात.

लेक हातात सांडशी घेऊनच आली. "तू?" मी म्हणालो.

"मी. आबा, तुमी एकच चाक बघितलंय. थांबा."

तिनं गाडी भिंतीपासून लांब घेतली. उजव्या टायरची कड जवळजवळ शाबूत होती. घाटात असं होत नाही. तिथं जितकी डावी वळणं तितकीच उजवी, दोन्ही टायर सारखेच मार खातात. भ्यालेल्या माणसाला दुसरं चाक बघायचं सुचत नाही.

"तिथं एकाच दिशेनं फिरायचं," ती म्हणाली. "वळणं बहुतेक उजवी. मग गाडीचा सगळा भार डावीकडं..."

"भार कुठं पडतो ते मला नगं शिकवू. हवा किती ठेवलीस?"

ती ओशाळली. "कमी. तिथं टायर तापला की हवा चढते, म्हणून सकाळी कमी ठेवली. जास्तच कमी झाली. खडूची रेघ पार पुसली."

टायरच्या कडेवर खडूनं आडवी रेघ मारायची, फेरी मारून आलं की कुठवर पुसली ते बघायचं. पार खालच्या बाजूपर्यंत पुसली तर टायर वळणावर कलंडतोय, हवा वाढवायची. ही युक्ती मला ठाऊक नव्हती. पण मला विचारायचं होतं ते वेगळंच.

"आणि रस्त्यावर?" मी विचारलं. "रस्त्यावर कशी चालवतीस?"

तिनं मागचं दार उघडलं. मागची सीट अर्धी आडवी करून जुन्या चादरीत चार चाकं ठेवली होती. "खालचे ट्रॅकचे. हे रस्त्याचे. काल अंधार पडला, बदलायचे राहिले."

एकेक चाक मी पुढ्यात घेतलं. वर्षभर हेच टायर सांगली, तासगाव, रहिमतपूर फिरत होते. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड, सगळीकडं बोटं फिरवली. सारखं. उलटा हात फिरवला तरी गुळगुळीत. लेक मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू शकते, आईवर गेलीय. टायर बोलू शकत नाही.

मी तिथंच मातीत बसलो. बायको होती तोवर काळजी तीच करायची, आणि मी तिच्यावर ओरडायचो, उगंच काय करतीस म्हणून. त्यातच माझी काळजी भागायची. एकट्यानं करायची मला सवय नाही. डोळे पुसले. जावयानं बघून न बघितल्यासारखं केलं. भला माणूस.

चाकं आम्ही तिघांनी मिळून बदलली. नट मी आवळले. मग लेक म्हणाली, चला आता सांगलीला, चार दिवस राहा. नाही म्हणायचा जीव झाला नाही.

जावई मागं, ट्रॅकच्या टायरांशेजारी अंग चोरून बसला. मला पुढं बसवलं. पुसेसावळीपर्यंत माझा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. पण ती प्रत्येक वळणाच्या आधीच वेग उतरवायची, ऊसगाडी दिसली की मागं राहायची, हॉर्नसुद्धा नाही. मग मी पाय सैल सोडला.

कुंडलच्या अलीकडं डोळा लागला. जाग आली ती जावयाच्या आवाजानं.

"मामा घोरतात लय."

"घोरू दे की. तू गप बस."

मी डोळे मिटूनच ठेवले.