छकुलीने ब्रेक सोडला नाही

माझी धाकटी नणंद अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि तिचे तिन्ही भाऊ तिला अजून छकुली म्हणतात. डावा पाय लहानपणीच लुळा पडला. जीभ शाबूत आहे. पडदे शिवते आणि घरोघर जाऊन टांगून देते. पूर्वी दांडे आणि गठ्ठे घेऊन कुणा भावाला सवड होईल तेव्हा जायची, म्हणजे बहुधा जायचीच नाही. मग तिने ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, त्यामुळे डाव्या पायाला काम नाही. भावांनाही नाही.

ती गाडी परवा भर चौकात बंद पडली. छकुलीने गाडी पाठीवर घालून नेणारा ट्रक मागवला. ट्रकच्या आधी भाऊ पोचले, दोर घेऊन. मलाही नेलं होतं, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

"न्यूट्रलमध्ये टाक," आमचे हे म्हणाले. "आम्ही ओढतो."

"दादा, इंजिन बंद आहे. गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. तशीच ओढलीत तर आतलं सगळं जळेल."

"तेल घरी गेल्यावर घालू."

"तेल आहे रे! फिरत नाही!"

"जन्मभर गाड्या ओढल्यात आम्ही," मधले भाऊजी म्हणाले. "एवढ्याशा अंतराला ट्रक? वहिनी, सांगा हिला."

"ती बरोबर बोलतेय," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. घरीही हीच पद्धत आहे.

गिअरबॉक्स गेला की पुन्हा या तिघांच्या सवडीने जगणं आलं. छकुली वाद घालत बसली नाही. गिअर पार्कवर टाकला, हँडब्रेक ओढला, वर उजवा पाय ब्रेकवर रोवला आणि समोर बघत बसली.

ह्यांनी दोराचं एक टोक तिच्या गाडीच्या हुकाला बांधलं, दुसरं आमच्या गाडीच्या बंपरला, आणि जोर लावला. छकुलीची गाडी तसूभर हलली नाही. आमचा बंपर निघाला. त्याच्याबरोबर आणखीही बरंच काही निघालं.

मग ट्रकवाला आला. "आता करा न्यूट्रल, ताई," म्हणत त्याने गाडी तारेने हळूहळू वर घेतली आणि चारही चाकं बांधली.

"हे काय पडलंय?"

"दादाचा बंपर. घ्या वर. त्याला तेल लागत नाही."

छकुलीच्या गाडीच्या इंजिनाचा एक पट्टा तुटला होता, गिअरबॉक्स ठणठणीत. आमची गाडी अजून गॅरेजातच आहे. आज ह्यांना दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, म्हणून छकुलीला फोन केला.

"पडदे टांगून झाले की येते," ती म्हणाली. "सवड झाली की."

हे मघापासून फाटकाशी उभे आहेत.